ट्रकचं नाक, पिकअपचं धड

निवृत्तीला अडीच महिने उरले असताना आमचे साहेब एका संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ट्रकचं नाक घरी घेऊन आले. नाक म्हणजे पुढचा अख्खा भाग: बॉनेट, जाळी, दोन्ही मडगार्ड आणि डोळे वटारलेले दोन दिवे. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, मागच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"हे काय आणलंत?"

"पुढचा भाग."

"कशाचा?"

"ट्रकचा."

"आणि मागचा?"

"मागचा आपल्याकडे आहे," साहेब म्हणाले, आणि आवारात जांभळाखाली उभ्या असलेल्या जुन्या पिकअपकडे त्यांनी बोट दाखवलं.

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली, पिकअपकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं, आणि पुन्हा जुडी उचलली. तेहतीस वर्षं टाउनशिपमध्ये संसार केलेल्या बाईला कुठे वाद घालायचा नाही हे चांगलं कळतं.

साहेब भोपाळच्या एका कारखान्याच्या वाहतूक विभागात इंजिनियर होते. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या ताब्यात पहिली जी गाडी आली ती हा नाकवाला ट्रक. ओतकाम विभागातून स्टोअरपर्यंत जड नग वाहून वाहून तो म्हातारा झाला, आणि साहेबांच्या आधी तीन महिने निवृत्त झाला. फरक इतकाच की साहेबांना निरोप समारंभ होणार होता आणि ट्रकचा लिलाव झाला. बाकीचा ट्रक भंगारवाल्यांनी कापून नेला. नाक साहेबांनी घेतलं. ते पिकअपला बसवायचं, त्यातच घरचं सामान भरायचं आणि स्वतः चालवत साताऱ्याला, आपल्या गावी जायचं, असा त्यांचा बेत होता. बसवायचं काम माझ्याकडे आलं.

मी कोण, ते सांगतो. मी यवतमाळकडचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण 'सुटली' म्हटलं की शाळेचाही थोडा दोष निघतो. एका रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराबरोबर भोपाळला आलो. काम संपलं आणि ठेकेदारही दिसेनासा झाला. टाउनशिपच्या बाजारात एक बाई भाजीवाल्याला मराठीत झापत होत्या. त्याला मराठी येत नव्हतं, तरी त्याने भाव कमी केला. मी त्यांच्या पिशव्या उचलल्या आणि घरापर्यंत गेलो. त्या काकू. क्वार्टरमागे एक रिकामी खोली होती. "दोन दिवस राहा," त्या म्हणाल्या. ते दोन दिवस सहा वर्षं चालले. दिवसा मी अशोका गार्डनमध्ये एका उस्तादाच्या शेडमध्ये गाड्यांचं डेंटिंग आणि वेल्डिंग करायचो, आणि संध्याकाळी काकूंच्या हातची पोळी खायचो. सव्वीस वर्षांचा झालो तरी पोळी वाढताना त्या "लाजू नकोस" म्हणायच्या आणि मी लाजायचो.

आता साहेब निवृत्त म्हणजे क्वार्टर जाणार, क्वार्टर जाणार म्हणजे खोली जाणार. भोपाळजवळच्या मंडीदीपला एका कारखान्यात मेंटेनन्सला माणसं घेत होते, राहायची सोय होती. अट दहावीची. नाहीतर एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याचं पत्र, की ह्या माणसाला काम येतं. मला ओळखणारा जबाबदार अधिकारी अख्ख्या मध्य प्रदेशात एकच होता. काकूंनी माझ्यासाठी शब्द टाकला. साहेब म्हणाले, "देईन की. पण मी न तपासलेल्या वस्तूवर सही करत नाही. हे नाक बसव. बसलं की पत्र."

म्हणजे नाक बसलं तर मी भोपाळमध्ये, नाही बसलं तर यवतमाळला. एवढं साधं होतं ते. तेवढ्यानेच माझी झोप गेली.

कारखान्यातल्या माणसांची एक रीत होती. कागदावर काढल्याशिवाय त्यांच्या हातून काही होत नसे. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या फळीचंसुद्धा ड्रॉइंग होतं, आणि ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी: 'बनवले', 'तपासले', 'मंजूर'. तिन्ही सह्या वेगवेगळ्या माणसांच्या पाहिजेत, असा नियम. घरात बसून कोण विचारणार होतं, पण साहेबांना स्वतःची भीती वाटायची.

नाकाचं ड्रॉइंग बनवलं साहेबांनी. तपासलं शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांनी. हे नागपूरचे, कारखान्यात तपासणी खात्यात. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं नापास करण्याचा पगार घेतलेला माणूस, पण स्वभावाने गोड. तिसरी सही कोणाची, यावर दोघे चहाच्या दोन फेऱ्या अडले. गल्लीत साहेबांच्या वरचं कोणी नव्हतं.

"वहिनीच्या वर तर तू नाहीस ना बाप्पा," शेजारचे काका म्हणाले.

तेव्हा 'मंजूर'च्या चौकटीत काकूंनी सही केली, पूर्ण नाव, मराठीत, शेवटी रेघ ओढून. सही करता करता म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी मला इतकं निरखून पाहिलं असतं तर मीही मंजूर झाले असते की नाही, कोण जाणे."

मग काम सुरू झालं. पिकअपचं स्वतःचं तोंड मी कापून काढलं. मडगार्ड, पुढची पट्टी, रेडिएटरची चौकट, सगळं. केबिनच्या पुढे उघडी चेसिस आणि त्यावर इंजिन, एवढंच राहिलं. ट्रकचं नाक पिकअपपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद होतं आणि उंचही. ते तसंच ठेवलं तर चालवणाऱ्याला समोर फक्त बॉनेट दिसलं असतं. म्हणून ते जितकं खाली आणता येईल तितकं आणायचं, इतकं की मडगार्डच्या कमानीत आणि टायरमध्ये चार बोटांची फट राहावी. हे सगळं ज्यांच्यावर टेकणार ते दोन जाड पत्र्याचे ब्रॅकेट. चेसिसला एक डावीकडे, एक उजवीकडे. ब्रॅकेटची भोकं जिथे, तिथे नाकाची उंची.

आणि इथेच ती गोष्ट झाली. आमच्या मागच्या आवाराला उतार होता, पावसाचं पाणी जावं म्हणून. साहेब म्हणाले, उतारावर घेतलेलं माप म्हणजे अंदाज. कारखान्यात सपाट लोखंडी टेबलावर ठेवल्याशिवाय ते कुठल्याच नगाला पट्टी लावत नसत. मग त्यांनी रेल्वेचे चार जुने लाकडी स्लीपर मागवले, पिकअप जॅकने उचलून चेसिस त्यांच्यावर ठेवली, पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत पत्र्याच्या चकत्या घातल्या, आणि मग अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मापं घेतली. चेसिस अगदी सपाट. चाकं मात्र हवेत, स्प्रिंगांना लोंबकळत.

मी खाली वाकून त्या चाकांकडे पाहिलं. गाडी चाकांवर उभी राहिली की स्प्रिंग दबतात, चाकं वर येतात. वर एवढं जड नाक बसलं की आणखी दबतात. ड्रॉइंगमधली चार बोटं गाडी हवेत असतानाची होती. जमिनीवर ती उरणार नव्हती. हे कळायला शाळा लागत नाही. दहा गाड्यांखाली झोपावं लागतं.

मी तोंड उघडलं. "साहेब, गाडी..."

"हां, बोल."

"गाडी... गाडीखाली अजून एक चकती घालू का?"

"नको, बुडबुडा मध्ये आहे," साहेब म्हणाले.

मी काय म्हणणार होतो? तेहतीस वर्षांच्या इंजिनियरला, तपासणी खात्याला, आणि ज्यांच्या पोळीवर वाढलो त्या काकूंच्या मंजुरीला, नववीत शाळा सोडलेला माणूस म्हणणार की तुम्ही तिघे चुकलात? आणि ते पत्र? पत्रात ते काय लिहितील: 'कामगार उर्मट आहे'?

दुसऱ्या दिवशी उस्तादाला सांगितलं. उस्ताद जन्माचा भोपाळी, तोंडात कायम पान, आणि माणसाला 'खाँ' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू न करणारा.

"को खाँ, तो तुम्हारे साहब ने गाड़ी को पलंग पे सुला के नाप लिया," तो म्हणाला. "अब उठ के खड़ी होएगी तो पेट तो निकलेगा. बोल काय को नईं देते?"

"चिट्ठी मिलनी है उस्ताद."

"अरे तो बोल दो तो क्या चिट्ठी फाड़ देंगे?"

"अभी लिखी ही नहीं है."

उस्तादाने पान थुंकलं आणि माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "खाँ, तुम डरते बहोत हो. डरने वाले की वेल्डिंग अच्छी होती है, ये बात अलग है."

भीतीतून मला एक युक्ती सुचली. ब्रॅकेटची भोकं ड्रॉइंगमध्ये गोल होती. मी ती उभी, लांबट पाडली, चार बोटं लांब. म्हणजे वेळ आली तर बोल्ट सैल करायचे, नाक वर सरकवायचं, पुन्हा आवळायचे. ड्रॉइंगही राहील, नाकही राहील, आणि मला बोलावंही लागणार नाही. मला वाटलं, यापेक्षा आदर म्हणतात तो काय वेगळा असतो?

संध्याकाळी शेजारचे काका चष्मा आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन ब्रॅकेट तपासायला आले. खिशातून लाल खडू काढला.

"हे काय करून राहिला रे तू?"

"भोक आहे काका."

"भोक मला दिसून राहिलं. गोल काहून नाही?"

"जरा... हात घसरला."

"चारही भोकांवर? सारखाच?" त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हात घसरला म्हणते तर फार शिस्तीत घसरला तुझा." आणि दोन्ही ब्रॅकेटवर लाल फुली मारली. "रिजेक्ट. वाईट नको वाटून घेऊ बाप्पा. मी माझ्या मेव्हण्याचा नगही रिजेक्ट केला होता."

फुली मारलेले ब्रॅकेट मी खोलीत खाटेखाली सरकवले आणि नवे केले. गोल भोकांचे. अगदी ड्रॉइंगप्रमाणे. काकांनी हिरव्या खडूने टिक केली, साहेबांनी पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यात इतकं अचूक काम मी कधी केलं नव्हतं आणि इतकं चुकीचंही.

नाक बसलं तेव्हा, खरं सांगतो, देखणं दिसत होतं. केबिनच्या आणि बॉनेटच्या मधली फट मी पत्र्याने बंद केली होती, जोड दिसत नव्हता. साहेबांनी कारखान्याच्या ट्रकचाच करडा रंग मागवून लावला. दिवे लावून पाहिले तर ते समईसारखे मिणमिणले, कारण ट्रकचे बल्ब चोवीस व्होल्टचे आणि पिकअपची बॅटरी बाराची. "बल्ब बदलू," साहेब म्हणाले. एवढीच काय ती त्रुटी निघाली म्हणून त्यांना बरंच वाटलं.

रविवारी सकाळी स्लीपर काढायचे ठरले. गल्लीतले पाच-सात जण खुर्च्या घेऊन आले. काकूंनी पोहे केले, नारळ आणला. मी जॅक सोडायला लागलो. एका एका दाबाने चेसिस खाली येत होती आणि कमानीतली फट माझ्या डोळ्यांसमोर कमी होत होती. चार बोटं. तीन. दोन. मला वाटत होतं, जॅक इथेच अडकावा. तो आपल्या कामाला चोख होता. शेवटी मडगार्ड टायरवर येऊन टेकलं, दमलेल्या माणसाने गुडघ्यावर हात टेकावा तसं.

साहेब आत बसले. स्टिअरिंग फिरवलं. फिरलं नाही. जोर लावला तेव्हा टायर पत्र्याला घासून कर्र असा आवाज आला. खुर्च्यांवरचे सगळे पोह्यांच्या बशांकडे पाहायला लागले.

काकू हातात नारळ धरून म्हणाल्या, "हा आता फोडू की ठेवू?"

साहेब उतरले, घरातून ड्रॉइंग आणलं, बॉनेटवर पसरलं. शेजारच्या काकांनी व्हर्नियर काढला. दोघांनी ब्रॅकेट मोजले. बरोबर. चेसिस मोजली. बरोबर. सगळं बरोबर होतं आणि चाक फिरत नव्हतं. अर्धा तास मोजून झाल्यावर साहेबांचा हात त्या स्प्रिंगवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

लोक एकेक करून खुर्च्या उचलून गेले. शेजारचे काका मात्र गेले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "ते लांब भोकांचे कुठं आहेत रे?"

मी खाटेखालून लाल फुलीवाले ब्रॅकेट आणले. साहेबांनी ते हातात घेतले, भोकांत बोट घालून वरखाली सरकवलं.

"हे आधीचे?"

"हो साहेब."

"म्हणजे तुला माहीत होतं."

तो प्रश्न नव्हता, तरी मला उत्तर द्यायचं होतं. नाही म्हणालो तर काम न कळणारा ठरतो. पत्र गेलं. हो म्हणालो तर डोळ्यांदेखत त्यांना पाच-सात लोकांसमोर खड्ड्यात जाऊ देणारा ठरतो. तरीही पत्र गेलं. दोन्हीकडून यवतमाळच. काकूंकडे पाहिलं. त्या नारळाच्या शेंड्या उपटत बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता.

"हो," मी म्हणालो. "स्लीपरवर माप घेतलं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तीन सह्या होत्या साहेब."

शेजारच्या काकांनी चष्मा काढून पुसला. काकू म्हणाल्या, "त्यातली एक माझी होती. मला तरी सांगायचंस. मी कुठे इंजिनियर आहे?"

दुपारी तो रिजेक्ट माल पुन्हा तपासायला घेतला. काकांनी फुली ओल्या फडक्याने पुसली आणि एका कागदावर लिहिलं की मूळ ड्रॉइंगपासून फरक करण्यास परवानगी देण्यात येत आहे. खाली पुन्हा तीन सह्या झाल्या. नाक तीन बोटं वर सरकलं. चाक फिरलं. साहेबांना आता बॉनेटवरून रस्ता दिसेना, म्हणून काकूंनी दिवाणावरची उशी दिली. नारळ फोडला. साहेब टाउनशिपची एक चक्कर मारून आले. त्या चकरेत त्यांनी मला शेजारी बसवलं होतं. मी दाराचा दांडा धरून, ह्यांची माफी कुठल्या वळणावर मागावी याचा विचार करत बसलो. वळणं संपली.

निवृत्तीचा समारंभ झाला. सामान बांधून झालं. पत्राचं मी विचारलं नाही, आणि विचारायला तोंडही नव्हतं. माझी पेटी मीही बांधली होती. यवतमाळच्या गाडीची वेळ पाहून ठेवली होती.

निघायच्या आदल्या सकाळी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यात आधी टाइप केलेला एक शब्द पेनने खोडलेला होता. खोडीखालून तो वाचता येत होता: 'ओबीडियंट', म्हणजे आज्ञाधारक.

"हे मी गेल्या महिन्यातच करून ठेवलं होतं," साहेब म्हणाले. "तो शब्द आता खरा असला तरी चांगला वाटेना. म्हणून खाली दोन ओळी हाताने लिहिल्या आहेत. वाच."

मी वाचलं. इंग्रजी होतं, मला सावकाश जुळवावं लागलं. लिहिलं होतं की पत्र्याचं आणि जोडाचं काम उत्तम. गाडीतला दोष लवकर ओळखतो. विचारल्यास खरं सांगतो, स्वतःचं नुकसान होत असलं तरी. मात्र त्याला विचारावं लागतं.

"साहेब, ही शेवटची ओळ..."

"तीही तपासलेली आहे," साहेब म्हणाले. "काढणार नाही."

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात शेजारच्या काकांचीही सही होती. काकूंची नव्हती. त्या म्हणाल्या, "मला इंग्रजी वाचता येत नाही. न वाचता सही एकदा केली, तेवढं पुरे." मग एका डब्यात त्यांनी मला मेथीचे पराठे दिले आणि डबा परत करायचा नाही असं बजावलं. डबा परत करायचा नाही म्हणजे आता हे घर नाही, हे मला तेव्हाच कळलं.

ते गेले त्या दिवशी करड्या नाकाची ती पिकअप गल्लीच्या वळणावर जरा थांबली. साहेब उशी सरळ करत होते.

मंडीदीपला मी ते पत्र घेऊन गेलो. मेंटेनन्सचे सुपरवायझर उत्तरेकडचे होते, जाड मिशांचे. त्यांनी पत्र वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबले.

"ये क्या लिखा है? पूछना पड़ता है तुमसे?"

"जी."

"क्यों?"

"डर लगता है साहब."

"किससे?"

"सही से," म्हणालो.

ते हसले नाहीत. पत्र घडी करून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं, आणि मला शेडमध्ये एका कन्व्हेयरपाशी नेलं. त्याचा पट्टा एका बाजूला सरकत होता. भिंतीवर त्याचं ड्रॉइंग टांगलेलं होतं, खाली सह्यांच्या चौकटी, सगळ्या भरलेल्या.

"चलो, पूछ रहा हूँ," ते म्हणाले. "इसमें क्या गड़बड़ है?"

मी पट्ट्याकडे पाहिलं, मग ड्रॉइंगकडे, मग त्या माणसाकडे. सह्यांच्या चौकटींकडे पाठ फिरवली. मग मी त्यांना सांगितलं.